सांगायचा राहिलेला अंगठा

शिवरामपेठेतल्या त्या घरात कॉम्प्युटर आला तो दोन सुटांच्या बदल्यात. सरस्वतीपुरमचा एक इंजिनियर अमेरिकेला निघाला होता. त्याला हवे होते गरम कापडाचे दोन सूट, आणि मधूला हवा होता त्याचा तो काळा, रबरी बटणांचा, शाळेच्या पाटीएवढा डबा. साल सत्त्याऐंशी. अर्ध्या म्हैसूरनं तोवर कॉम्प्युटर फक्त पेपरातल्या फोटोत बघितलेला. मधू रिक्षातून उतरला तो असा, की जणू बाळ-बाळंतिणीला घरी आणतोय. डबा छातीशी, आणि रिक्षावाल्याला सारखं "हळू, हळू!" रिक्षा कधीचीच थांबलेली होती, बरं का.

"काय रे ते?" त्याच्या आईनं, कमलाक्षीबाईंनी, दारातच अडवलं.

"कॉम्प्युटर, अम्मा."

"अय्यो, एवढासाच? आणि त्याचा टीव्ही?"

"आपलाच टीव्ही लावायचा त्याला."

संपलं! घरात टीव्ही एक, तोही काळा-पांढरा, आणि शुक्रवार संध्याकाळची कन्नड गाणी म्हणजे कमलाक्षीबाईंचा श्वास. त्या दिवसापासून मायलेकांत जी तणातणी सुरू झाली ती पुढं बरेच महिने पुरली.

घराचा पुढचा भाग म्हणजे दुकान. मधूचे वडील सत्यनारायणराव कोट कापण्यात एक्का. त्यांना कुणी नावानं हाक मारत नसे, सगळ्या पेठेला ते 'मास्टर'. गळ्यात टेप आणि तुळशीची माळ, दोन्ही एकत्र. घराणं विठ्ठलाचं, चार पिढ्यांपूर्वी इकडं येऊन टेलरकीत शिरलेलं. घरात मराठी, रस्त्यावर कन्नड, आणि मास्टर चिडले की दोन्ही एकाच वाक्यात.

त्या दुकानात कामं वाटलेली होती. मधोमध कटिंगचं टेबल. त्याच्यापाशी उभं राहायचं ते पुरुषांनी. मशीनवर मधू. आणि मागं भिंतीशी चटईवर बायका: काजं, गुंड्या, अस्तराचं हेमिंग. चटईवरची बाई टेबलाकडं पाठ करून बसायची. का, ते विचारू नका, कुणालाच माहीत नव्हतं.

त्या चटईवर सात वर्षं बसलेली ती आपली तुंगा. मधूची बायको, बन्नूरची. लग्नाआधी ही मुलगी रोज बसनं म्हैसूरला यायची आणि टायपिंग शिकायची. मिनिटाला पंचेचाळीस शब्द! बघण्याच्या कार्यक्रमात तिच्या वडिलांनी ते सर्टिफिकेट मोठ्या अभिमानानं पुढं केलं. मास्टरांनी चष्मा लावून वाचलं, तुंगाच्या बोटांकडं बघितलं, आणि निकाल दिला, "बोटं चपळ आहेत. काजं छान करील." पंचेचाळीस शब्द गेले गुंडीच्या भोकात.

सासरा सुनेशी थेट बोलत नसे. राग नव्हता, रीत होती. 'कमला, तिला म्हणावं पाणी आण,' आणि ती तिथंच, दोन हातांवर, तांब्या घेऊन उभी.

तुंगाची तक्रार त्याची नव्हती. तिला हवी होती कात्री. पाठ टेबलाकडं असली तरी कान कुठं जातात? कापडातून कात्री फिरायची, तो 'खस्स' आवाज ती सात वर्षं ऐकत होती. सरळ कापताना वेगळा, वळणावर वेगळा. दुपारी सगळे पडले की ही बाई स्वैपाकघरात जुन्या पेपरांच्या बाह्या कापायची आणि चुलीत घालायची. कुणाला बोलली नाही. बोलून काय, मधूला सांगितलं तर तो घाबरणार, आणि सासूला सांगितलं तर पेठेला कळणार.

तर तो कॉम्प्युटर. मधू स्टुलावर बसला, पुढ्यात इंग्रजी मासिक उघडलं. त्यात छापलेलं बघून आकडे-अक्षरं टाकत गेलं की पडद्यावर चेंडू उडणार होता. मधूचं टायपिंग म्हणजे कोंबडी दाणे टिपते तसं, एका बोटानं, आणि प्रत्येक दाण्याआधी विचार.

"हा आर कुठं गेला मेला?"

"ईच्या उजवीकडं," तुंगा चटईवरून म्हणाली. मान वर केली नाही, सुई थांबली नाही.

"सापडला. आणि पी?"

"वरच्या ओळीत, अगदी शेवटी."

"तू न बघता कसं काय सांगतेस?"

"बघून टाइप केलं तर आमचे सर पट्टी मारायचे."

अर्ध्या तासानं मधू उठला आणि मोठ्या मनानं म्हणाला, "बस तू. फक्त टाइप करायचं हं. डोकं मी लावतो."

"लावा की," तुंगा म्हणाली.

मग रोजचं झालं. दुपारी तासभर मधू मासिक वाचायचा, तुंगा टाइप करायची. मधेच त्याला थकवा यायचा, तो कॉफीला उठायचा. मित्र आले की सांगायचा, "मी प्रोग्राम केलाय." तुंगा मित्रांना चकल्या द्यायची आणि गप्प हसायची. पण पंधरवड्यात तिच्या लक्षात यायला लागलं, की ही अक्षरं नुसती अक्षरं नाहीत. ही तर कामं सांगितलीयत, एकापुढं एक. आधी हे कर, मग ते कर, असं असेल तर वर जा. सुनेला सांगतात तशी.

"अहो, हे म्हणतंय चाळीसाव्या ओळीला परत जा. पण चाळीसावी ओळ यात आहेच कुठं?"

मधूनं बघितलं. नव्हती. छापणाऱ्यानंच गाळली होती. ती मग तुंगानं मनानं लिहिली, आणि चेंडू उडाला. त्या दिवशी मधू कॉफीला उठला नाही.

प्रोग्राम ठेवायचे कॅसेटवर. त्यासाठी मास्टरांचा भजनाचा टेपरेकॉर्डर घ्यावा लागे. एकदा मास्टर आले, त्यांनी बटण दाबलं, तर आतून 'कीऽऽ घर्रऽ कीऽऽ'. मास्टर हात जोडून क्षणभर थांबले. "मधू, हा कुणाचा अभंग?"

असं सगळं हसतखेळत चाललं होतं, आणि मग आषाढ संपता संपता तिरुमलराव आले. श्रीगंध ब्रास बँडचे मालक. दसऱ्याआधी बत्तीस कोट हवेत, लाल, सोनेरी किनारीचे. "मास्टरांच्या हातचेच हवेत बघा. लग्नात बँड वाजतो नंतर, दिसतो आधी." मास्टर सवयीनं हो म्हणाले.

हो म्हणाले खरे, पण डोळे? दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. डॉक्टर म्हणाले होते, अजून पिकू दे, दसऱ्यानंतर काढू. मास्टरांनी दुसऱ्या दिवशी खडू घेतला, लाल कापडावर रेघ मारली. रेघ गेली भलतीकडं. ते वाकले, डोळे बारीक केले, पुन्हा मारली. मग खडू ठेवून म्हणाले, "हल्ली खडू चांगला येत नाही." तुंगाच्या सुईत दोरा होता, तरी ती पुन्हा ओवत बसली.

मधू शिवायचा पट्टीनं आखल्यासारखं, पण कात्री हातात आली की त्याच्या तळव्याला घाम फुटायचा. म्हणजे आता दोनच वाटा. ऑर्डर परत करायची, आणि पेठेला कळू द्यायचं की मास्टर संपले. नाहीतर...

"अप्पा, तुमचे हिशेब त्या कॉम्प्युटरमध्ये घालू," मधू म्हणाला. "छाती, उंची, खांदा सांगायचा, तो सांगेल खडू कुठं ठेवायचा. मग मी कापीन."

आता हे मापाचे हिशेब घरातली ठेव. बापानं मुलाला तोंडी सांगायचे. लेकीला नाही, कारण ती दुसऱ्या घरी नेईल. सुनेला नाही, कारण ती माहेरी पोचवील. तुंगाच्या माहेरी ऊस होता. उसाला कोट कोण शिवणार होतं देव जाणे!

पण टाइप कोण करणार? मास्टरांनी त्यावर तोड काढली. त्यांनी खुर्ची रस्त्याकडं तोंड करून ठेवली. पाठीमागं टीव्हीपाशी तुंगा. मधे मधू.

"मधू, ऐक. छातीचा चौथा हिस्सा, त्यात दीड इंच."

"तुंगा, छातीचा चौथा..."

"मी तुला सांगतोय. तू पुढं कुणाला सांगतोस ते मला ठाऊक नाही."

अशा चार दुपारी गेल्या. मास्टर रस्त्याला सांगत होते, मधू मागं सांगत होता, आणि मधूचं वाक्य पुरं व्हायच्या आत तुंगाची बोटं पुढच्या ओळीवर. पडद्यावर डबा विचारायला लागला, इंग्रजी अक्षरांत पण चक्क मराठीत: 'छाती किती? खांदा किती?' तिसऱ्या दिवशी तुंगानं मधूच्या शर्टाला मागून ओढलं. "विचारा ना, पोट छातीपेक्षा मोठं असलं तर?"

मधूनं तोंड उघडायच्या आत मास्टर म्हणाले, "तर पुढचा पल्ला खाली तिरका सोडायचा." मग गडबडले. "मधू, तुला सांगतोय."

पहिला कोट रघुनाथरावांचा. बँडमध्ये ट्रम्पेट वाजवणारा जाडजूड, हसरा माणूस. डब्यानं आकडे दिले, मधूनं घामाच्या हातानं कापला, शिवला. रघुनाथरावांनी अंगात घातला आणि आरशापुढं उभे राहिले. काय शोभला! नवरदेव मागं पडेल. तिरुमलराव खुशीत म्हणाले, "आता वाजव बघू."

रघुनाथरावांनी ट्रम्पेट उचललं. ते आलं पोटापर्यंत. छातीपर्यंत. आणि थांबलं. पुढं हात जाईचना. त्यांनी जोर केला, काखेत काहीतरी करकरलं. शेवटी त्यांनी मान खाली घालून ट्रम्पेटलाच तोंड लावलं, वासराला बाटलीनं दूध पाजतात तसे.

"मास्टर," तिरुमलराव हळूच म्हणाले, "हे वाजवायचं की झोपवायचं?"

मास्टरांना दिसलं नाही, पण कळलं. बँडवाले गेल्यावर ते खुर्चीत बसले. मग म्हणाले, "मधू, उद्या निरोप दे त्यांना, दुसरा टेलर बघा म्हणावं. आणि तो डबा काढ तिथून. विद्या जिथं सांगू नये तिथं सांगितली, म्हणून हे झालं."

'तिथं' म्हणजे कुठं, ते चटईवर बसलेलीला बरोबर कळलं. तुंगाच्या डोळ्यांत पाणी आलं, पण पोरगी बन्नूरची, रडण्याआधी तिला राग येतो. तिनं तो फसलेला कोट मांडीवर घेतला आणि काखेतलं अस्तर उसवायला लागली. उसवता उसवता बोट मुंढ्यावरून फिरलं, म्हणजे बाही जोडतात त्या गोलावरून. आणि थांबलं.

हा गोल तिच्या ओळखीचा नव्हता.

सात वर्षं तिनं मास्टरांच्या कोटांची अस्तरं आतून टाचली होती. शेकडो मुंढे तिच्या बोटांखालून गेले होते. तिनं उठून मधूचा लग्नातला कोट काढला, मास्टरांनी चांगल्या डोळ्यांनी कापलेला, आणि दोन्ही मुंढे एकावर एक ठेवले. लग्नाचा कोट खाली जवळजवळ इंचभर मोठा. गिऱ्हाइकानं बटणं बदलायला दिलेला एक जुना कोट पडला होता, त्याचाही तेवढाच. मग हिशेबात का नाही? चार दुपारींत मास्टरांनी एक आकडा चुकवला नव्हता.

ती डोळे मिटून बसली. मास्टर मुंढा आखताना कसे उभे राहतात? टेप डाव्या हातात. टेपचं टोक अंगठ्याखाली दाबलेलं. आणि खडू? खडू अंगठ्याच्या पलीकडच्या बाजूनं! आकड्यावर नाही, अंगठ्याची जाडी सोडून पुढं. पन्नास वर्षं तसंच.

"अहो," तिनं मधूला हलवलं, "मामंजींनी सगळं सांगितलं, अंगठा सांगायचा राहिला."

तिनं दाखवलं तेव्हा मधू आधी हरखला आणि मग घाबरला. "मी जाऊन सांगू अप्पांना, की तुम्ही चुकलात?"

"चुकले कुठं? हात शहाणा आहे त्यांचा. त्यानं तोंडाला कधी सांगितलंच नाही, तर तोंड काय सांगणार?"

पण अंगठा मोजायचा कसा? सून सासऱ्याचा हात धरून टेप लावणार होती का? मग पाठवलं सहा वर्षांच्या रक्षिताला, अस्तराचा तुकडा आणि खडू देऊन. आई-बाप दाराआड उभे.

"ताता, अंगठा द्या." नात आजोबांना ताता म्हणायची, मैसुरी चालीनं.

"कशाला गं?"

"चित्र काढायचंय."

"कुणी सांगितलं?"

पोरगी कसली बेरकी! दाराकडं बघून म्हणाली, "अम्मानं. पण तिनं सांगितलंय सांगायचं नाही."

मास्टरांनी डावा हात डोळ्यांजवळ नेला, अगदी नाकाशी, आणि अंगठा वळवून वळवून बघितला. मग हवेतच, टेप धरल्यासारखा दाबला, उजव्या हातानं न दिसणारा खडू पलीकडून फिरवला. दाराआड तुंगानं मधूचं मनगट घट्ट धरलं.

"घे," मास्टर म्हणाले आणि अंगठा तुकड्यावर टेकवला. "नीट काढ. हलवू नको. आणि तुझ्या बापाला म्हणावं, निरोप देऊ नको तिरुमलरावांना."

अंगठा भरला सात सूत, म्हणजे इंचाला एक सूत कमी. तुंगानं एक ओळ वाढवली. आता प्रश्न कात्रीचा. मधू जेवताना एकदम बोलला, "आकडे कितीही बरोबर येऊ देत, माझा हात घामेजतो. तुंगा कापेल."

कमलाक्षीबाईंनी वाढता वाढता डाव थांबवला. "आणि काजं कोण करणार? बत्तीस कोट, सहा-सहा गुंड्या?"

"मी करीन."

"तू? आणि स्वैपाक?"

"तू शिकव. तोही करीन."

"अय्यो विठ्ठला! टीव्ही गेला तो गेला, आता भातावरचं सारूपण गेलं."

सगळे मास्टरांकडं बघायला लागले. मास्टर भातात ताक कालवत होते. कालवून झालं, चार घास झाले.

"मधू, तिला म्हणावं, कात्री जड आहे. पहिल्या दिवशी मनगट सुजेल. खोबरेल गरम करून लावायचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी तुंगा टेबलापाशी उभी राहिली. पदर खोचलेला, वहीत आकडे उतरवलेले. दुकानापुढून जाणारे दोघेतिघे थांबले. तिनं खडूनं आखलं, कात्री उचलली. आणि सात वर्षं पाठीमागून ऐकलेला तो 'खस्स' आवाज तिच्या स्वतःच्या हातातून निघाला. वळणावर तो बदलला, बरोबर बदलला. मास्टर खुर्चीत डोळे मिटून नुसतं ऐकत होते. वळण संपलं तेव्हा त्यांची मान हलली, भजनात समेवर हलते तशी.

मधूची पहिली काजं म्हणजे झोपमोड झालेल्या माणसाचे डोळे. कमलाक्षीबाई शेजारी बसून शिकवायच्या, "अरे, सुई धर, ट्रम्पेट नव्हे." मायलेक इतक्या वर्षांत असे बसून बोललेच नव्हते. तिकडं टीव्हीचा वाद मिटला, तो मिटला हेही कुणाच्या लक्षात आलं नाही. त्याचं सारू मात्र महिनाभर नुसतं चिंचेचं पाणी होतं. मास्टरांनी एकदाही नाव ठेवलं नाही. आयुष्यात प्रथमच, असं कमलाक्षीबाई जरा खुनशीपणानं सांगायच्या.

तो डबा काही फार जगला नाही. तीन-चार वर्षांत एका पालीनं त्यात संसार थाटला आणि दोघंही संपली. नंतर घरात किती मोठमोठे कॉम्प्युटर आले नि गेले. रक्षिता तर आता बेंगळूरात त्यातच नोकरी करते. तुंगाबाई चौसष्ट वर्षांच्या झाल्यात. माडीवर त्यांचा कटिंगचा क्लास चालतो. टी. नरसीपूर, कृष्णराजनगरच्या बसनं मुली येतात आणि टेबलाभोवती उभ्या राहून शिकतात. खाली मधुराव काजं करतात, आणि पेठेत त्यांच्या काजांना तोड नाही. नवऱ्यामुलाची शेरवानी असली की लोक मुद्दाम विचारतात, "मधुरावांच्या हातची आहेत ना?" आणि ते लाजतात. सत्तरीला आलेला पुरुष काजांवरून लाजतो, बघण्यासारखं असतं ते.

अगंबाई, पण ते कोट!

झाले ना, बत्तीसच्या बत्तीस. दसऱ्याच्या नऊ दिवसांतली एक संध्याकाळ, पेठेतली देवीची मिरवणूक. पालखीपुढं श्रीगंध बँड. घरातले सगळे दुकानाच्या पायरीवर उभे, मास्टर खुर्चीत. देवी आली तशी गल्लीनं हात जोडले, बायकांनी आरत्या पुढं केल्या. आणि ही तुंगा? हिचं देवीकडं लक्षच नाही. ही बघतेय बँडवाल्यांच्या काखा! रघुनाथरावांनी ट्रम्पेट उचललं, पोट, छाती, खांदा, आणि थेट आकाशाकडं. मागोमाग सगळ्यांचे हात वर. लाल बाह्या, सोनेरी किनारी. एवढं जोरात वाजवलं, की पालखीचे भोई दचकले.

मास्टरांना दिसत होता नुसता लाल धूर. ते मान पुढं काढून ऐकत होते. मग त्यांनी वळून, आवाज चढवून विचारलं, "हात वर गेले का?"

"गेले, अप्पा, मस्त..." मधू सवयीनं मधे पडला.

"तुला नाही विचारलं." मास्टरांनी तोंड तुंगाकडं फिरवलं, थोडं चुकीच्या बाजूला, पण तिच्याकडंच. "तुंगा, मुंढे काय म्हणतायत?"

तुंगानं हातातली आरती पायरीवर ठेवली. सात वर्षांत ह्या माणसाच्या तोंडून तिनं आपलं नाव ऐकलं नव्हतं.

"सगळे मोकळे आहेत, मामंजी. तो शेवटचा ढोलवाला सोडून. त्याचा डावा जरा ओढतोय."

"ढोल किती जड आहे त्याचा?"

"बराच असेल. पट्टा खांद्यावर रुततोय."

"मग खांदा अर्धा सूत सोडायला हवा होता. उद्या बोलाव त्याला. दोघं मिळून बघू."